विंचेस्टर ९४ ची हरवलेली रिसीव्हर साइट कशी ओळखायची

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचला, फोटोही मोठे करून पाहिले. उत्तर लांबणार आहे. तुम्ही विचारलाय एकच प्रश्न, पण त्यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत, आणि ते सुटे करेपर्यंत तुम्ही काहीही विकत घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

तुमची हकिकत आधी माझ्या शब्दांत सांगतो, काही चुकत असेल तर सांगा. पेनसिल्व्हेनियात तुमच्या शेजारी राहणाऱ्या आजींनी त्यांच्या दिवंगत यजमानांची विंचेस्टर ९४ कार्बाइन, म्हणजे आखूड नळीची रायफल, डीलरमार्फत रीतसर तुमच्या नावावर केली. बोअर .३०-३०, नळी २० इंची, सीरियल नंबर एकोणीस लाखांच्या घरात. रिसीव्हरच्या, म्हणजे रायफलीची यंत्रणा जिच्यात असते त्या पोलादी पेटीच्या, डाव्या अंगाला, अगदी मागे, दोन बिनडोक्याचे छोटे स्क्रू आहेत आणि त्यांच्याभोवती ब्लूइंगमध्ये, म्हणजे पोलादावरच्या निळसर-काळ्या थरात, एक लांबट छाप दिसते. आजींना एवढंच आठवतं की तिथे 'गोल भोकाचं काहीतरी' होतं आणि घर आवरताना ते कुठेतरी गेलं. तुमची पन्नाशी उलटली आहे, नळीवरच्या मागच्या साइटची (नेम धरायच्या खुणेची) खाच आता धूसर दिसते, म्हणून ते गोल भोकाचं परत बसवायचंय, आणि तेही त्या काळातलंच हवंय. तीन जुन्या रिसीव्हर साइट्स तुमच्या नजरेत आहेत: लायमन कंपनीची नंबर २१, मॉडेलचं अक्षर नीट न दिसणारी एक लायमन ६६, आणि विल्यम्स कंपनीची एक एफपी. यातली 'बरोबर' कोणती?

मी मूळचा पिंपरीच्या टूलरूममधला माणूस. गेली बावीस वर्षं ओहायोत बंदुकांचं परवान्याचं छोटं दुकान चालवतो आणि त्यातलं निम्मं काम जुन्या लिव्हर-ॲक्शन (दस्त्याखालची तरफ ओढून काडतूस भरायच्या) रायफलींच्या साइट्सचंच असतं. तेव्हा जे सांगतो ते बाकावर बसून हाताने केलेलं आहे.

तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. हे वाचणाऱ्या एच-वन-बीवरच्या मंडळींसाठी दोन ओळी: नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक बाळगायला मुळात मनाई आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. शेजाऱ्याने प्रेमाने दिली म्हणून नियम बदलत नाही. आधी वकिलाला विचारा, मग साइटचं बघू.

आता ते तीन प्रश्न. पहिला, तुमच्या रिसीव्हरवरच्या भोकांना कोणती साइट बसेल? दुसरा, त्या रायफलीच्या काळाशी कोणती जुळेल? तिसरा, कोणती बसवल्यावर गोळी नेमावर लागेल? दुकानात येणारे बहुतेक लोक दुसऱ्यापासून सुरुवात करतात, कारण कॅटलॉगातली चित्रं सुंदर असतात. मी पहिल्यापासून करतो. भोकं आधी आहेत, साइट नंतर येणार आहे. नवीन भोक पाडायची वेळ आली तर समजायचं की साइट चुकीची निवडली.

'बरोबर' या शब्दाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. तुमची कार्बाइन न्यू हेवनच्या कारखान्यातून नळीवरच्या साध्या उघड्या साइटसह बाहेर पडली असणार. रिसीव्हर साइट ही नंतर मालकाने स्वतः विकत घेऊन लावलेली वस्तू. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून किंवा टपालाने मागवलेली, आणि हरणाच्या सीझनआधी एखाद्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसवलेली. त्यामुळे कारखान्याच्या नोंदीत तुमच्या साइटचं नाव शोधायला जाऊ नका. वायोमिंगमधल्या कोडी इथल्या संग्रहालयात विंचेस्टरच्या जुन्या नोंदवह्या आहेत आणि तिथून पत्र मागवता येतं, पण १८९४ मॉडेलच्या नोंदी ३५३९९९ या नंबरपाशी थांबतात. तुमचा नंबर त्याच्या कितीतरी पुढचा. तुमच्यासाठी नोंदवही एकच आहे, ती म्हणजे ती रायफल.

काळ ठरवायला सोपी खूण आहे. विंचेस्टरने या मॉडेलचे ठरावीक टप्प्याचे नग अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना भेट दिले: दहा लाखावा कूलिजना १९२७ साली, पंधरा लाखावा ट्रूमनना १९४८ साली आणि वीस लाखावा आयझेनहॉवरना १९५३ साली. तुमचा एकोणीस लाखांच्या घरातला नंबर ट्रूमन आणि आयझेनहॉवरच्या मधे येतो, आणि दुसऱ्याच्या जास्त जवळ. म्हणजे १९५० नंतरच्या दोनतीन वर्षांतली, विंचेस्टरने १९६४ साली घडण बदलली त्याच्या आधीची कार्बाइन. नळीवर '३० डब्ल्यू.सी.एफ.' या त्याच काडतुसाच्या जुन्या नावाऐवजी '३०-३० विन.' असं कोरलेलं असेल तर तेही याच्याशी जुळतं, कारण युद्धानंतर तो छाप बदलला.

एवढ्यावर लायमन २१ बाद होते. विकणारा 'विंचेस्टरसाठी' म्हणतो ते खोटं नाही, पण कोणत्या विंचेस्टरसाठी? २१ आणि तिचीच डावी-उजवी सरकणारी बहीण ३८, या दोन्ही युद्धापूर्वीच्या पिढीतल्या. १८८६, १८९४, १८९५ यांच्या जुन्या रायफलींवर त्या शोभतात. विशेषतः १८९५ वर. थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली आफ्रिकेत गेले तेव्हा .४०५ बोअरची १८९५ त्यांच्या सोबत होती, आणि त्या बोअरच्या रायफली हिंदुस्थानातल्या शिकाऱ्यांकडेही होत्या. लहानपणी साताऱ्याकडे आमच्या एका नातलगांच्या माडीवर मी तशी एक पाहिली आहे. तिचं पोटाखाली चौकोनी उतरणारं मॅगझिन मला अजून आठवतं. तुमच्या कार्बाइनला मात्र २१ लावायची तर तिची पकड तुमच्या भोकांवर येणार नाही, डाव्या भिंतीत नवीन भोकं लागतील. शिवाय ती संग्राहकांची लाडकी असल्याने तुम्ही बाकी दोघींपेक्षा बरेच जास्त पैसे मोजून काळ चुकलेली वस्तू घ्याल. ती राहू द्या, १८९५ वाल्या कुणाला तरी मिळू द्या.

उरल्या दोन. आता भोकांकडे या.

आधी चेंबर (काडतूस बसतं ती नळीची मागची जागा) आणि नळीखालचं मॅगझिन रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने, दोन्हींनी खात्री करा. मग रायफल उजव्या कुशीवर टॉवेलवर निजवा, म्हणजे डावी बाजू वर येईल. ते दोन छोटे स्क्रू भोकं बुजवणारे आहेत. त्यांच्या खाचेत जुनं तेल आणि धूळ बसून कडक झालेली असते. स्क्रूड्रायव्हर लावायच्या आधी शिवणाच्या सुईने ती खाच तळापर्यंत कोरून काढा. तेलाचा एक थेंब सोडा आणि रात्रभर तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी, ज्याच्या टोकाच्या दोन्ही बाजू समांतर घासलेल्या आहेत आणि जे खाचेत गच्च, पूर्ण रुंदीभर बसतं असंच टोक घ्या. घरातल्या साध्या स्क्रूड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं. ते जोर दिला की वर चढतं, खाचेचे ओठ फाकवतं आणि जाता जाता ब्लूइंगवर पांढरी रेघ ओढून जातं. टोक बसलं की मुठीवर हलक्या हातोडीने दोनतीन टिचक्या मारा आणि मग फिरवा. नाही हलला तर सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक स्क्रूवर मिनिटभर टेकवा आणि पुन्हा बघा. मी हे शेकड्याने केलंय. निकराचा जोर लावायची वेळ फार थोड्या वेळा आली, आणि तेव्हाही मी जोर न लावता पुन्हा तेल घालून एक दिवस थांबलो.

स्क्रू निघाले की भोकं नीट बघा. विंचेस्टरने युद्धानंतर ही भोकं कारखान्यातच पाडायला सुरुवात केली. कारखान्याची भोकं ओळखू येतात: काठ स्वच्छ, दोन्हींची जोडणारी रेघ सरळ, आतले आटे कुरकुर न करता स्क्रू घेणारे. घरी हातड्रिलने पाडलेलं भोक बहुधा किंचित कललेलं असतं, काठावर धातूची बारीक कोर उरते, आणि दोन भोकांची पातळी केसभर तरी चुकते. तुमच्या फोटोतली मला कारखान्याची वाटतात. फोटो फसवतात, म्हणून पुढची परीक्षा तुम्हीच घ्या.

या साइट्सचे स्क्रू ६-४८ मापाचे असतात: जाडी ०.१३८ इंच, एका इंचात ४८ आटे. गनस्मिथचं सामान विकणाऱ्याकडून या मापाचे डोक्याचे दोन स्क्रू मागवा. स्क्रू भोकात फक्त बोटांनी फिरवा. तीनचार वेढे लोण्यासारखे गेले पाहिजेत. दीड वेढ्यात अडकला तर तिथेच थांबा. एकतर आत घाण आहे, नाहीतर कुणीतरी पूर्वी ६-४० किंवा बाजारचा ६-३२ स्क्रू कोंबून आटे बिघडवले आहेत. आणि उलट, स्क्रू आत डुगडुगत असेल तर कुणीतरी भोक मोठं करून त्यात ८-४० चे आटे पाडले असण्याची शक्यता आहे. मग स्क्रू त्या मापाचे शोधावे लागतील आणि साइटच्या पट्टीतली (रिसीव्हरला चिकटून बसणाऱ्या भागातली) भोकंही तेवढी मोठी करावी लागतील. ती पट्टी बदलता येते, रायफल बदलता येत नाही, म्हणून कानस चालवायची तर नेहमी पट्टीवर.

आता अंतर. भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर थेट मोजता येत नाही, कारण मध्यावर टेकायला काही नसतं. टूलरूममध्ये आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलेली युक्ती इथे कामाला येते. दोन्ही स्क्रू अर्धे आत घाला, देठ बाहेर राहू द्या. व्हर्निअर कॅलिपरने दोन देठांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्या आणि त्यातून एका देठाची जाडी वजा करा. जो आकडा येईल तो तुमचा. साइट विकणाऱ्याला तिच्या पट्टीच्या भोकांचं हेच माप मागा. त्याला व्हर्निअर वापरता येत नसेल तर पट्टी पालथी ठेवून शेजारी पोलादी मोजपट्टी ठेवलेला फोटो मागा. जो विक्रेता एवढंही करायला तयार नाही, त्याच्याकडून मी घेत नाही.

आणि आता ती छाप, जी माझ्या मते तुमच्या सगळ्या फोटोंतली सगळ्यात बोलकी गोष्ट आहे. साइटची पट्टी वर्षानुवर्षं एका जागी बसली की तिच्याखालचं ब्लूइंग टिकतं, भोवतालचं हाताच्या घामाने आणि खोगिराच्या चामड्याने झिजतं. पट्टी काढली की तिचा आकार गडद उरतो. याच्यावर पातळ कागद ठेवा, मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासा. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून घासायचो ना, अगदी तसंच. भोकं आणि पट्टीचा काठ दोन्ही कागदावर उमटतील. तो कागद तुमचा साक्षीदार. ज्या साइटची पट्टी त्या आकाराच्या आत किंवा बाहेर जाते ती आजोबांची नव्हती, एवढं तरी ठामपणे सांगता येतं. माझ्याकडे बाकावर एक लायमन ६६ए पडून असते. तुमच्या फोटोतली छाप तिच्या अंगाशी ताडून पाहिली तर ती जुळणारी वाटते, पण फोटोचा कोन तिरका आहे. कागदाचा ठसा घेऊन पडताळा, मगच माझं म्हणणं खरं माना.

६६ ही लायमनची चपट्या बाजूच्या रिसीव्हरसाठीची मालिका. ९४ च्या बाजू चपट्या आहेत, म्हणून पट्टी तिथे सपाट बसते आणि तिचा हात वर वळून रिसीव्हरच्या पाठीमागे गोल भोकाची चकती धरून उभा राहतो. नंबरपुढचं अक्षर सांगतं की ती कोणत्या रायफलीसाठी घडवलेली आहे, आणि ९४ साठीचं अक्षर 'ए'. लायमन ही मूळची कनेटिकटमधल्या मिडलफील्डची कंपनी. विल्यम लायमनने १८७८ च्या सुमारास ती सुरू केली, आणि विंचेस्टरचं न्यू हेवन त्याच राज्यात आहे. जुन्या साइट्सवर गावाचं नाव कोरलेलं दिसतं, तेव्हा विक्रेत्याला तेही टिपायला सांगा.

अक्षर दिसत नाही तिथे मी सावध होतो, आणि त्याला कारण आहे. सुरुवातीच्या काळात एका गनशोमध्ये मी एका गिऱ्हाइकासाठी अशीच ६६ घेतली. पट्टी बरोबर बसली, स्क्रू बरोबर बसले, मी खूश झालो. रेंजवर गेल्यावर चकती सगळ्यात खालच्या रेघेवर आणूनही गोळ्या पन्नास यार्डांवर वीतभर वर. दोन दिवस मी माशीलाच, म्हणजे नळीच्या टोकाजवळच्या पुढच्या साइटलाच, दोष देत राहिलो. शेवटी साइट सुटी केली तेव्हा कळलं की पट्टी ९४ ची होती आणि तिच्यात सरकणारा भाग दुसऱ्याच रायफलीच्या साइटचा. ६६ चा सरकणारा भाग बटण दाबून पूर्ण बाहेर निघतो. ही सोय उत्तम आहे, आणि याच सोयीमुळे गेल्या सत्तर वर्षांत लोकांनी एकाचे भाग दुसऱ्यात घातले आहेत. तेव्हा पट्टी आणि सरकता भाग, दोन्हींचे वेगवेगळे फोटो मागा. दोन्हींवरची झीज सारखी आहे का, रंग सारखा आहे का, ते बघा. एक चकाकता आणि एक मळका असेल तर ते दोन घरचे आहेत असं समजा. त्या गिऱ्हाइकाचे पैसे मी परत केले. ती चूक माझीच होती, आणि तेव्हापासून मी साइट आधी पूर्ण सुटी करून बघतो.

विल्यम्स एफपी वाईट म्हणून मी तिला शेवटी ठेवलं असं समजू नका. मिशिगनमधल्या डेव्हिसनची ही कंपनी. एफपीला बाहेर डोकावणारी बटणं नाहीत, स्क्रू सैल करून सरकवायची आणि पुन्हा आवळायची, त्यामुळे झाडीत अडकत नाही आणि नकळत फिरत नाही. ९४/३६ या नावाने मिळते ती तुमच्या विंचेस्टरला आणि मार्लिन ३३६ ला, दोघांनाही बसते. चुंबक लावून बघा: एफपीचं अंग हलक्या मिश्रधातूचं आहे, चुंबक चिकटणार नाही. जुन्या पोलादी लायमनला चिकटेल. रोज जंगलात जाणाऱ्या माणसाला मी डोळे झाकून एफपी देतो. तुम्हाला आजोबांची साइट परत आणायची आहे, आणि ठसा ६६ए शी जुळला तर तिथे एफपी ही पाहुणी ठरेल. ठसा एफपीशी जुळला तर मात्र आजोबांची निवड तीच होती, मग दुसरा विचार करायचं कारणच नाही. डेन्व्हरच्या रेडफील्डच्याही त्या काळात रिसीव्हर साइट्स होत्या, तेव्हा ठसा दोघींशीही जुळला नाही तर त्या बाजूला शोधा.

जाता जाता इतर वाचकांसाठी. तुमची ९४ जर १९२० च्या दशकाच्या मध्याआधीची असेल आणि डाव्या बाजूला खोगिराची कडी असेल, तर रिसीव्हरवरची साइटची भोकं बहुधा नंतर कुणीतरी पाडलेली आहेत. भोकं नसतील तर कृपया पाडू नका. तशा जुन्या रायफलींच्या टँगवर, म्हणजे दस्त्याच्या मानेवरच्या पोलादी पट्टीवर, बऱ्याचदा साइटसाठी भोकं असतात. तिथे लायमन किंवा मार्बलची टँग साइट लावा. ९४ चा बोल्ट, म्हणजे चेंबर बंद करणारा पोलादी तुकडा, लिव्हरसोबत टँगच्या वर मागे येतो, म्हणून मार्बलने आपल्या दांडीच्या बुडाशी स्प्रिंग ठेवली. धक्का बसला की दांडी मागे झुकते आणि आपोआप उभी राहते. १९८२ नंतरच्या अँगल इजेक्ट (पुंगळी तिरकी बाजूला फेकणाऱ्या) ९४ ला वेगळी साइट लागते, जुनी घेऊन फसू नका.

आता तिसरा प्रश्न, ज्याच्याकडे कुणी बघतच नाही: माशी. नळीच्या तोंडाजवळची माशी ही मागच्या उघड्या साइटच्या उंचीला धरून घडवलेली आहे. रिसीव्हर साइटची चकती त्या उघड्या साइटपेक्षा उंच बसते. त्यामुळे ९४ वर फार वेळा असं होतं की चकती तळाला आणूनही गोळी वर लागते. लोक साइट परत करतात, वास्तविक माशी बदलायला हवी असते. गोळी वर जात असेल तर माशी उंच लागते, खाली जात असेल तर बुटकी. किती उंच, ते अंदाजपंचे ठरवू नका, हिशोब त्रैराशिकाचा आहे. माशी ते चकती अंतर मोजा, तुमच्या कार्बाइनवर ते २४ इंचांच्या आसपास भरेल. समजा ५० यार्डांवर, म्हणजे १८०० इंचांवर, गोळ्या ५ इंच वर लागतात. ५ गुणिले २४ भागिले १८००, म्हणजे ०.०६७ इंच. तेवढी माशी उंच हवी. बाजारात माशा ठरावीक उंचीच्या मिळतात, जवळची किंचित उंच घ्या, उरलेलं चकती वर करून जुळवा. १९३० च्या दशकापासूनच्या ९४ वर माशी रॅम्पवर, म्हणजे नळीवरच्या उतरत्या उंचवट्यावर, डव्हटेल (तोंडाशी अरुंद, तळाशी रुंद) खाचेत बसते. पितळी पंचाने, नेम धरणाऱ्याच्या डावीकडून उजवीकडे ठोकून काढायची आणि उजवीकडून डावीकडे बसवायची. पोलादी पंच लावलात तर माशीचे कान वाकतील.

हे अंतर आणखी एका कारणाने महत्त्वाचं. नळीवरच्या उघड्या साइटपासून माशी साधारण सोळा इंचांवर आहे, रिसीव्हर साइटपासून चोवीस. तोच हाताचा थरकाप आता नेमात दीडपटीने कमी चूक घालतो. आणि तुमच्या पन्नाशीच्या डोळ्यांना चकतीच्या भोकावर नजर रोखायचीच नसते. भोकातून बघायचं, माशी स्पष्ट दिसू द्यायची, भोकाच्या मध्यात तिला डोळा आपसूक आणतो. माझ्या दुकानात पासष्टीचे लोक पहिल्यांदा पीपमधून, म्हणजे या गोल भोकातून, बघतात आणि काहीजण दोन मिनिटं काही बोलतच नाहीत. सूर्य उगवायच्या वेळी हरणामागे जाणार असाल तर बारीक भोकाची निशाणेबाजीची चकती काढून मोठ्या भोकाची लावा. तिचे आटे ७/३२-४० मापाचे असतात आणि लायमन, विल्यम्स दोघांच्याही चकत्या एकमेकांत बसतात, त्यामुळे हा खर्च किरकोळ आहे.

बसवताना एक गोष्ट काटेकोरपणे सांभाळा: स्क्रूची लांबी. ते डाव्या भिंतीच्या आरपार जाऊन आत डोकावले तर लिव्हर ओढताना बोल्टच्या अंगावर चरा ओढतील किंवा बोल्टच अडवतील. पट्टी लावून स्क्रू आवळा, लिव्हर अगदी हळू खाली न्या आणि परत वर आणा. कुठे घासल्याची जराही जाणीव झाली तर स्क्रू काढा आणि त्याचं टोक कानशीने केसाकेसाने कमी करा. पुन्हा बसवा, पुन्हा लिव्हर. घाई नको. सगळं मोकळं चाललं की आट्यांना जेमतेम एक थेंब निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारं द्रव) लावा. लाल लावू नका, पुढच्या माणसाला ते काढताना रायफल तापवावी लागेल. ९४ रिकामी पुंगळी वरच्या बाजूने फेकते, म्हणून तिच्यावर नळीच्या रेषेत दुर्बीण नीट लागत नाही. रिसीव्हर साइटचा हात मागे असल्याने पुंगळीच्या वाटेत येत नाही. आजोबांनीही हाच विचार करून ती लावली असेल.

नेम जुळवायला २५ यार्डांवर सुरुवात करा, मग ५०, मग १००. ६६ च्या बटणाची एक टिकटिक पाव मिनिटाची (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे १०० यार्डांवर एक टिकटिक साधारण पाव इंच. जुळली की थांब-स्क्रू त्या जागी आवळा, म्हणजे सरकता भाग काढून पुन्हा घातला तरी तिथेच येऊन बसेल.

तेव्हा तुम्ही आता करायचं ते एवढंच: कागदाचा ठसा, भोकांमधलं अंतर, आणि अक्षर न दिसणाऱ्या त्या ६६ च्या पट्टीचा व सरकत्या भागाचा वेगवेगळा फोटो. ते तिन्ही इथे टाकलेत की मी माझ्या ६६ए शेजारी ठेवून बघतो आणि हो किंवा नाही स्पष्ट सांगतो. तोवर तिचे पैसे देऊ नका. आणि ते दोन बिनडोक्याचे स्क्रू छोट्या पाकिटात घालून, वर 'डावी बाजू, रिसीव्हर' असं लिहून, नळीवरून काढलेल्या उघड्या साइटसोबत एका डबीत ठेवा. शक्य झालं तर त्या आजींनाही एकदा विचारून बघा, त्यांच्या गॅरेजमध्ये स्क्रू-खिळ्यांचे जुने कॉफीचे डबे असतील. मला दोन वेळा हरवलेला सरकता भाग अशाच डब्याच्या तळाशी सापडला आहे.